माइक चांगला, मग आवाज डब्यातून का येतो?

पैसे साठवून माइक घेतला, इंटरफेस घेतला, बऱ्यापैकी हेडफोन घेतले. बेडरूमचं दार लावून, पंखा बंद करून एक बंदिश रेकॉर्ड केली. ऐकताना गळा आपलाच वाटतो, पण आवाज मात्र रिकाम्या डब्यातून आल्यासारखा. पहिला संशय माइकवर जातो. मग त्याहून महाग माइक घरी येतो, आणि तो तीच खोली आणखी स्वच्छ ऐकवतो.

हा अनुभव आता गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. ऑडिओबुक वाचणारे, पॉडकास्ट करणारे, डबिंगच्या चाचण्या घरून पाठवणारे, मुलांसाठी पाठांचे व्हिडिओ करणारे शिक्षक, सगळे शेवटी हाच प्रश्न विचारतात. उत्तर माइकमध्ये नसून खोलीत आहे. आणि खोली सुधारण्याच्या नावाखाली बाजारात जे खपतं, त्यातलं बरंचसं उपयोगाचं नाही, हे माझं मत मी आधीच सांगून टाकतो. कारणं पुढे येतीलच.

या प्रकरणात डोळ्यांसमोर एकच खोली ठेवू. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची साडेनऊ फूट. विटांच्या, गिलावा केलेल्या भिंती, वर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, एक खिडकी, एक दार. महाराष्ट्रातल्या शहरांत अशा खोल्या हजारोंनी आहेत.

१. कान माफ करतो, माइक करत नाही

तुम्ही ‘सा’ लावला की तो आवाज सगळ्या दिशांना पसरतो. थोडा भाग सरळ माइककडे जातो. बाकीचा भिंतीवर, छतावर, टाइल्सवर आपटून परत येतो आणि किंचित उशिरा त्याच माइकमध्ये शिरतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. हिशेबाच्या सोयीसाठी ‘एक फूट, एक मिलिसेकंद’ एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं. पाच फुटांवरच्या भिंतीकडे जाऊन परत यायला आवाजाला जेमतेम दहा मिलिसेकंद लागतात.

इतक्या कमी अंतराने आलेला दुसरा आवाज आपल्याला वेगळा ऐकूच येत नाही. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली याचा नीट अभ्यास मांडला. मूळ आवाजामागून तीसेक मिलिसेकंदांच्या आत आलेला प्रतिध्वनी मेंदू मूळ आवाजातच मिसळून टाकतो आणि आवाज कुठून आला हे पहिल्या लाटेवरून ठरवतो. शिवाय दोन कान असल्यामुळे समोरच्याचं बोलणं आणि खोलीचा गलका आपण सहज वेगळे करतो. माइककडे यातलं काहीच नसतं. आला तेवढा आवाज तो बेरीज करून पुढे पाठवतो, आणि ती बेरीज हेडफोनमध्ये ऐकताना आपल्याला पहिल्यांदा खोलीचा पत्ता लागतो.

या बेरजेतली खोड एका उदाहरणाने पाहू. टेबलावर माइक ठेवून तुम्ही कथा वाचताय. आवाजाची एक वाट तोंडातून सरळ माइककडे जाते. दुसरी टेबलाच्या सनमायकावर आपटून जाते आणि ती ३४ सेंटिमीटरने लांब आहे. म्हणजे दुसरी लाट एक मिलिसेकंद उशिरा पोचते. सेकंदाला ५०० कंपनं असणाऱ्या सुराचं अर्धं कंपन बरोबर एका मिलिसेकंदात होतं. म्हणून पहिली लाट हवा पुढे ढकलत असते, तेव्हा दुसरी मागे ओढत असते. दोघी एकमेकींना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. १,००० कंपनांवर उलट होतं, तिथे दोघी मिळून आवाज वाढवतात. १,५०० वर पुन्हा खड्डा, २,००० वर पुन्हा उंचवटा. सेकंदाला होणाऱ्या कंपनांना हर्ट्झ म्हणतात, पुढे तोच शब्द वापरू. असे खड्डे आणि उंचवटे एकाआड एक पडत गेले की आवाज डब्यातला वाटायला लागतो.

ही खोड मिक्सिंगमध्ये इक्वलायझर फिरवून जात नाही. जे पुसलं गेलं ते पुसलं गेलं, आणि वाचणाऱ्याने मान दोन बोटं हलवली की खड्ड्यांच्या जागाही बदलतात. टेबलावर घडी घातलेली जाड चादर टाकणं आणि माइक टेबलाच्या कडेपुढे आणणं हा त्यावरचा फुकटचा इलाज आहे.

२. शेजाऱ्यांची तक्रार वेगळी, माइकची वेगळी

‘रूम साउंडप्रूफ करायची आहे’ असं म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना खरं तर दोनपैकी एक गोष्ट हवी असते आणि कोणती ते त्यांनी ठरवलेलं नसतं. बाहेरची रिक्षा आत ऐकू येऊ नये आणि आतला तबला शेजारी ऐकू जाऊ नये, ही झाली एक मागणी. खोलीच्या आतला घुमारा कमी व्हावा, ही दुसरी. दोन्हींसाठी लागणारं सामान जवळजवळ उलटं असतं.

आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत पन्नासेक डेसिबल आवाज अडवते, म्हणजे या बाबतीत आपली घरं मुळात वाईट नाहीत. घोटाळा होतो तो दारात आणि खिडकीत. सात फूट उंच, तीन फूट रुंद दाराखाली अर्धा इंच फट आहे असं धरा. दाराच्या क्षेत्रफळाशी तुलना केली तर ही फट साधारण १६८ व्या हिश्शाएवढी. तेवढ्या हिश्शातून आवाज बिनअडथळा जाणार असेल, तर दार सागवानी असो की पोलादी, एकूण अडवणूक २२ डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. त्यामुळे जड दार करून घेण्याआधी रबरी पट्टी लावा आणि दाराखाली उंबरा करा.

घुमारा कमी करायला मात्र वजन नको, सच्छिद्र आणि फुसफुशीत वस्तू हवी. तिच्या तंतूंमधून हवा घासत जाते आणि आवाजाची ऊर्जा नकळत उष्णतेत बदलते. अशी वस्तू आवाज शोषते, पण अडवत नाही. भिंतभर फोम चिकटवूनही शेजारच्या काकू तक्रार करायच्या थांबत नाहीत, त्याचं कारण हे.

अंड्यांचे ट्रे या दोन्ही कसोट्यांवर नापास होतात. अडवायला त्यांना वजन नाही आणि शोषायला पुरेशी जाडी नाही. मधल्या-वरच्या काही सुरांवर त्यांचा थोडाफार परिणाम होतो, तोही सरसकट नाही. ट्रे लावले की खोली सुधारते ही समजूत कुठून रुजली असेल ते असो, भिंतीवर वाळका पुठ्ठा लावून शेजारी विजेच्या तारा खेळवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

३. हार्वर्डमधल्या आसनांच्या गाद्या

खोलीच्या घुमाऱ्याला आकड्यात बांधलं ते एका तरुण प्राध्यापकाने, आणि तेही वरिष्ठांनी गळ्यात मारलेल्या कामातून. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं. त्यात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वक्ता पुढचं वाक्य म्हणत असायचा तेव्हा मागचे शब्द हवेतच असायचे. विजापूरच्या गोलघुमटात असा घुमारा ऐकायला आपण तिकीट काढून जातो, पण वर्गात तो कोणाला हवा असतो? हे दुरुस्त करायचं काम पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या वॉलेस सबाइन यांच्याकडे आलं.

सबाइन रात्री, गाव झोपल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणायचे. ५१२ हर्ट्झची ऑर्गनची नळी वाजवून बंद करायची आणि आवाज पुरता विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. शोषणाचं माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचं एक एकक. आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात आणि मोजमाप बिघडवतात, इथपर्यंत त्यांची नजर बारीक होती. या रात्रींतून निघालेल्या सूत्राच्या आधारे बोस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. तो १९०० साली सुरू झाला आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणला जातो.

ते सूत्र सातवीतल्या मुलालाही वापरता येईल इतकं सोपं आहे. खोलीचं घनफळ घ्या, ०.१६ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. येणारं उत्तर म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारे सेकंद. एरवी मोठा वाटणारा आवाज एवढा उतरला की जवळपास ऐकू येईनासा होतो.

आपल्या खोलीचं घनफळ सुमारे ३२ घनमीटर भरतं. ०.१६ ने गुणलं की ५ येतात. रिकाम्या खोलीत टाइल्स, गिलावा आणि काच मिळून जेमतेम २ चौरस मीटर शोषण होतं. ५ भागिले २, म्हणजे अडीच सेकंद. घर रंगवायला काढल्यावर रिकाम्या खोलीत आवाज कसा वाजतो ते आठवा. त्यात गादीसह पलंग आला, जाड पडदा आला, कपड्यांचं उघडं कपाट आलं की शोषण ८ पर्यंत जातं आणि घुमारा ०.६ सेकंदावर येतो. गप्पा मारायला हे छान आहे, रेकॉर्डिंगला अजून जास्त आहे. आपल्याला ०.३५ सेकंदाच्या आसपास यायचं आहे. ५ भागिले ०.३५, म्हणजे १४. आठ आहेत, सहा कमी पडतात. दोन फूट बाय चार फुटांचं एक शोषक पॅनेल पाऊण चौरस मीटरचं असतं. तेव्हा आठ पॅनेलं.

छोट्या खोलीत हे सूत्र ढोबळच चालतं, विशेषतः खालच्या सुरांना ते लागू पडत नाही. तरी ‘किती लागेल’ याचा अंदाज घ्यायला पुरतं. चारही भिंती आणि छत झाकण्याची गरज नाही हे तर त्यातून स्पष्टच दिसतं. झाकूही नये. सगळं शोषून टाकलेल्या खोलीत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, तो नकळत जोर लावतो आणि अर्ध्या तासात घसा बसतो.

४. एक इंची फोम कुठे तोकडा पडतो

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कोणत्या भिंतीवर किती लावलं यापेक्षा किती जाड लावलं हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि इथेच ग्राहकाची सर्रास फसगत होते.

शोषक वस्तू काम करते ती हवेचे कण तिच्यातून मागेपुढे घासत जातात तेव्हा. पण भिंतीला अगदी खेटून असलेली हवा हलणार कुठे? तिथे दाब भरपूर असतो, हालचाल शून्य. जसजसं भिंतीपासून लांब यावं तसतशी हालचाल वाढते आणि लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्शावर ती सर्वांत जास्त असते. १,००० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३४ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा साडेआठ सेंटिमीटर. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर, तिचा चौथा हिस्सा ८६ सेंटिमीटर. भिंतीला चिकटलेला अडीच सेंटिमीटरचा फोम या हालचालीच्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाही. तो शोषतो ते फक्त ‘स’, ‘श’, ‘च’ यांच्यातली सळसळ आणि झांजेची चकाकी.

व्यवहारात चौथा हिस्साच हवा असं नाही. लाटेच्या दहाव्या हिश्शाइतकं अंतर मिळालं तरी उपयोग जाणवायला लागतो. म्हणजे भिंतीपासून १० सेंटिमीटरपर्यंत पसरलेलं पॅनेल साडेतीनशे हर्ट्झपासून वर कामाला येतं आणि २० सेंटिमीटरपर्यंत पसरलेलं पावणेदोनशेपासून. गंमत अशी की यातली अर्धी जागा रिकामी सोडली तरी बरंचसं काम होतं. चार इंची पॅनेल भिंतीपासून चार इंच पुढे टांगा, आठ इंची पॅनेलचा बराच फायदा निम्म्या सामानात मिळतो. हवा फुकट आहे, ती वापरा.

भिंतभर पातळ फोम लावलेली खोली ओळखू येते. टाळी वाजवली तर ती मस्त कोरडी वाजते, म्हणून मालक खूश असतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र वरचे सूर मेलेले आणि मधले-खालचे तसेच घुमणारे, त्यामुळे आवाज गुदमरलेला येतो. ते उघड्या खोलीपेक्षा वाईट. साधा फोम झटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो, हे वेगळंच.

मग घ्यायचं काय? औद्योगिक उष्णतारोधकाच्या दुकानात रॉकवूल मिळतं. खडक वितळवून काढलेले हे तंतू बॉयलर आणि वातानुकूलन यंत्रणांभोवती गुंडाळतात आणि ते जळत नाहीत. घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेचे, दोन इंच जाडीचे स्लॅब मागायचे आणि दोन एकावर एक ठेवायचे. सुताराकडून दोन बाय चार फुटांची, चार इंच खोल लाकडी चौकट करून त्यात ते बसवायचे. वरून मांजरपाट किंवा खादी ताणून मारायची. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकून पाहा. फुंकर आरपार गेली तर चालेल. रेक्झिन, प्लास्टिक, जाड सोफ्याचं कापड नको. रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि मास्क हवाच. तंतू त्वचेला खाजतात आणि ते फुफ्फुसात जाऊ नयेत.

हे करायचं नसेल तर घरातल्या वस्तूंकडे बघा. जुन्या लुगड्यांचे अनेक थर घालून शिवलेली जाड गोधडी भिंतीपासून वीतभर पुढे, चुण्या पाडून टांगली तर बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ती एक इंची फोमपेक्षा सरस ठरते. कापसाची गादी उभी करून ठेवली तर आणखी बरं. दिसायला स्टुडिओसारखं दिसत नाही एवढंच.

५. मंद्र धैवतावर खोली हुंकार का देते

वरचे सूर खोलीत किरणांसारखे इकडून तिकडे उसळतात. खालच्या सुरांची लाट मात्र खोलीएवढी लांब असते, म्हणून त्यांचं वागणं वेगळं. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकेच ढकलत राहिलं की तो उंच जातो आणि लय सोडून ढकललं की अडखळतो. खोलीतली हवाही तशीच ठरावीक लयींना झोके घेते. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाटेची बरोबर अर्धी लांबी बसली की ती लय जमते.

तुमच्या खोलीच्या या लयी काढायला एक भागाकार पुरतो. ५६५ ला फुटांनी भागा. १० फूट रुंदीचे साडेछप्पन हर्ट्झ, १२ फूट लांबीचे ४७, साडेनऊ फूट उंचीचे ५९. या प्रत्येकाची दुप्पट, तिप्पटही खोलीला चालते. १० फुटांची दुप्पट ११३ हर्ट्झ.

आता हे गाण्यात आणू. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो. त्याचा मंद्र कोमल धैवत १११ च्या आसपास आणि शुद्ध धैवत ११५-११६ च्या आसपास येतो. म्हणजे तो मंद्रात उतरून धैवतावर थांबला की ११३ ची खोली त्याच्याबरोबर गायला लागते. पंचम साधा येतो, धैवत फुगतो, निषाद पुन्हा साधा. ऐकणाऱ्याला वाटतं गायकाचा आवाज असमान आहे. डग्ग्याचा ‘घे’ही असाच कधी ढुम्म होतो तर कधी पोकळ. रियाजाच्या खोलीत मंद्र सप्तक सावकाश उतरत जा, कुठल्या सुराला खोली साथ देते ते तुम्हाला दोन मिनिटांत कळेल.

१० बाय १० ची खोली याहून त्रासदायक. लांबी आणि रुंदी दोन्हींची लय साडेछप्पन, मग त्यावर दुप्पट झोका. त्यात उंचीही दहाच्या जवळ असेल तर विचारायलाच नको. निवड करता येत असेल तर चौरस खोली सोडून द्या, मग ती मोठी असली तरी.

बसण्याची जागाही यातूनच ठरते. पहिल्या लयीत भिंतीपाशी आवाज सर्वांत जास्त आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ शून्य असतो. खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवून मिक्सिंग करणाऱ्याला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून तो वाढवत सुटतो. मग गाणं गाडीत वाजवलं की काचा थरथरतात.

इथे परदेशी सल्ला जपून घ्यावा लागतो. इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या घरांना धरून असतात. तिथे लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकलेल्या भिंती असतात. खालच्या सुरांबरोबर त्या थोड्या थरथरतात, थोडा खर्ज खातात आणि थोडा बाहेर जाऊ देतात. आपली वीट आणि स्लॅब यातलं काही करत नाहीत. खर्ज आत कोंडला जातो. म्हणून त्यांच्याकडे दोन कोपरे भरून भागत असेल, तर आपल्याला चारही भरावे लागतात.

कोपरेच का? कारण खोलीच्या सगळ्या लयी कोपऱ्यात येऊन मिळतात, तिथे एकही चुकत नाही. दोन फूट रुंद पॅनेल कोपऱ्यात तिरकं लावलं की त्याच्यामागे मध्यभागी एक फुटाची पोकळी आपोआप मिळते. जमलं तर ती पोकळीही रॉकवूलने भरा आणि जमिनीपासून छतापर्यंत न्या. आधी काढलेल्या आठ पॅनेलांतली निदान चार मी कोपऱ्यांना देईन. पॅनेलं परवडत नसतील तर घरातल्या वळकट्या कोपऱ्यांत एकावर एक रचा. खर्ज त्याने पूर्ण सुटणार नाही, पण धैवताचा फुगवटा कमी होतो.

६. उरलेली चार पॅनेलं आणि माइकची जागा

घरगुती रेकॉर्डिंगला सहसा वापरतात तो माइक समोरचं ऐकतो, बाजूचं कमी आणि पाठीमागचं जवळपास ऐकतच नाही. मग तो कोणती भिंत ऐकत असतो? गाणाऱ्याच्या पाठीमागची. तरीही लोक माइकच्या मागे अर्धगोल फोमची ढाल लावतात आणि आपल्या पाठीमागची भिंत उघडी ठेवतात. दोन पॅनेलं किंवा एक जाड गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे, खांद्याच्या उंचीला उभी करा. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फरक इथे पडतो. माइकची पाठ खिडकीकडे किंवा संगणकाच्या पंख्याकडे करा.

अंतरही महत्त्वाचं. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की सरळ येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र तेवढाच राहतो. दोन फुटांवरून एका फुटावर आलात की खोली तेवढी मागे हटली. बोलायला आणि गायला वीतभर अंतर ठीक. त्याहून फार जवळ गेलात तर या माइकमध्ये खर्ज कृत्रिमपणे फुगतो आणि ‘प’, ‘फ’ फटकारे मारतात. पेटी किंवा सतार इतक्या जवळून घेता येत नाही. तिला दीड-दोन फूट लागतात, म्हणून तिच्या रेकॉर्डिंगला खोली जास्त नीट लागते. बैठक खाली असेल तर टाइल्सवर सतरंजी आणि तिच्यावर गादी घाला. नुसत्या सतरंजीने भागत नाही.

स्पीकरवर मिक्सिंग करणाऱ्यांसाठी थोडक्यात. १० फुटी भिंतीकडे तोंड करून बसा, म्हणजे मागची भिंत लांब राहते. डावी-उजवी बाजू सारखी असू द्या, एकीकडे कपाट आणि दुसरीकडे खिडकी असं नको. कान समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास आणून तिथून थोडं मागेपुढे करून पाहा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर कानाच्या पातळीत असावा. मग कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून छोटा आरसा सरकवायला सांगा. खुर्चीवरून ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तिथून त्याचा आवाज उसळून तुमच्याकडे येतो. उरलेल्या दोन पॅनेलांची जागा तीच, एक डावीकडे आणि एक उजवीकडे.

स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ओढा असं जे सांगतात ते मोठ्या खोलीसाठी आहे. आपल्या खोलीत तसं केलं तर मागून उसळलेली लाट ९० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात मोठा खड्डा पाडते. स्पीकर भिंतीजवळच ठेवा. खड्डा वरच्या सुरांकडे सरकतो, आणि तिथला पॅनेलने आटोक्यात आणता येतो. छोट्या खोलीत ४० ते ६० हर्ट्झचा शेवटचा निकाल मात्र हेडफोनवरच करावा. त्याला पर्याय नाही.

काम करण्यापूर्वी आणि नंतर मोजून पाहायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. एक साधा मोजमापाचा माइक जोडला की कोणता सूर किती वेळ रेंगाळतो त्याचा आलेख समोर येतो. वरच्या सुरांची रेघ गुळगुळीत करण्यात वेळ घालवू नका, ३०० हर्ट्झच्या खाली काय चाललंय ते बघा.

७. पाऊस, पंखा आणि भाड्याचं घर

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतीला चिकटवलेल्या प्रत्येक गोष्टीमागे बुरशी धरते. पॅनेलमागे चार इंच मोकळी जागा सोडण्याचं हे दुसरं कारण. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर पॅनेल लावूच नका, आणि श्रावण उतरला की एकदा सगळी काढून उन्हात ठेवा.

पंख्याची घरघर आणि एसीचा वारा कोणतंही पॅनेल शोषत नाही, ते बंदच करावे लागतात. उन्हाळ्यात खोली आधी गार करून घ्या आणि वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करा. रस्त्यावरच्या घरात पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ सर्वांत शांत मिळते.

घर भाड्याचं असेल तर भिंतीला भोकं पाडण्याऐवजी पॅनेलांना खाली लाकडी पाय लावून ती उभी करा. चार इंचांची पोकळी त्यात आपोआप सांभाळली जाते आणि घर बदललं की सगळा संसार टेम्पोत घालून नेता येतो. फक्त नव्या खोलीची मापं घेऊन ५६५ चा भागाकार पुन्हा करा, कारण जुन्या घरात धैवतावर बसवलेली जागा नव्या घरात गंधारावर चुकू शकते.